शब्दाचे शेजारी : इंग्रजी अर्थांतरांच्या कार्डसंचाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

कॉलेजच्या वाचनालयासाठी कार्डसंच करायचा ठरला. विषय इंग्रजी शब्दांचे बदललेले अर्थ. वाचणार अकरावी-बारावीची मुले, म्हणून मजकूर मराठीत आणि आटोपशीर. करणारे आम्ही इंग्रजीचे दोघे, मराठीच्या बाई आणि स्वतःहून आलेली काही मुले.

प्रत्येक कार्डावर तीन रकाने. जुना अर्थ काय होता, तो कोणत्या लेखनात सापडतो, आणि तिसरा 'शिल्लक': जुना अर्थ आज कुठे चिकटून राहिला आहे. तिसरा रकाना माझ्या हट्टाने आला. 'वाइफ' म्हणजे पूर्वी नुसती बाई, हे सांगून मुले ऐकून घेतात आणि विसरतात. पण 'मिडवाइफ' म्हणजे सुईण, आणि त्यात 'मिड' म्हणजे सोबत, 'वाइफ' म्हणजे बाई, हे कळले की अर्थ डोक्यात बसतो. 'पेननाइफ'चेही तसेच. पेन म्हणजे मुळात पीस. पिसाचे टोक तासायचा तो चाकू.

१४ जून

तारखा कुठून आणायच्या यावर चर्चा झाली. इंटरनेटवर शब्दांच्या गोष्टी ढिगाने आहेत आणि त्यातल्या अर्ध्या चविष्ट बनवलेल्या. शेवटचा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा, असे ठरले.

या कोशाची कुळकथा मुलांना सांगितली. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी तेव्हाच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवा मांडल्या. शब्दाचा चांगला अर्थ कोणता हे ठरवणे कोशकाराचे काम नाही, शब्दाचा इतिहास लिहिणे हे त्याचे काम, असा त्यांचा रोख. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. लोकांनी जुनी पुस्तके वाचायची, शब्द सापडला की वाक्य आणि साल चिठ्ठीवर उतरवून टपालाने पाठवायचे, अशी ती पद्धत. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले.

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे चिठ्ठी नसेल तर अर्थही नाही?" प्रश्न नेमका आहे. कोशातले पहिले साल ही लिखित पुराव्याची तारीख, बोलण्यात शब्द त्याआधी कितीतरी वर्षे फिरत असणार. कार्डावर 'या साली जन्म' असे कुठेही लिहायचे नाही.

१८५७ हेच साल मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. बाईंनी ही गोष्ट लगेच वहीत टिपून घेतली.

१९ जून

'मीट' आणि 'डिअर' ही दोन कार्डे एकत्र करायला घेतली. संचाचा सगळा आराखडा इथेच बदलला, म्हणून सविस्तर लिहितो.

'मीट' म्हणजे जुन्या इंग्रजीत कोणतेही अन्न. १६११च्या इंग्रजी बायबलात 'मीट ऑफरिंग' नावाचे अर्पण आहे. त्यात घालायचे काय, तर सपीट, तेल आणि ऊद. मांसाचा कण नाही. १८८५च्या सुधारित भाषांतरात ते 'मील ऑफरिंग' झाले, कारण तोवर 'मीट' वाचून लोक भलतेच समजू लागले होते. स्वीडिश भाषेत 'मात' म्हणजे आजही साधे अन्न. शिल्लक रकान्यात 'स्वीटमीट' घातले. मिठाईला इंग्रजीत हे काय नाव, असा प्रश्न पडलेला एक मुलगा गटात होताच.

'डिअर' म्हणजे, हरणाच्या अर्थाचा, पूर्वी कोणतेही जनावर. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'टिअर' अजून तसाच आहे. शिल्लक शोधताना शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधली ओळ हाती आली. वेड्याचे सोंग घेतलेला एडगर म्हणतो की उंदीर, घुशी आणि असलेच बारीकसारीक 'डिअर' हे सात वर्षे आपले 'फूड' होते. उंदीर आणि घुशींच्या रांगेत हरीण कसे, असे विचारून मुलांना चक्रावून टाकता येते.

पण खरी गंमत पुढे आहे. ही ओळ शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. हॅम्प्टनच्या बेव्हिस नावाच्या वीराची मध्ययुगीन पद्यकथा आहे, तिच्यातली आहे. तिथे वाक्य जवळपास तेच. उंदीर, घुशी, बारीक 'डिअर', सात वर्षे. फरक एवढाच की तिथे 'फूड' नाही, 'मीट' आहे. म्हणजे जुन्या ओळीत दोन्ही शब्द जुन्या अर्थाने शेजारी बसले होते. 'लिअर'मध्ये 'डिअर' राहिला, कारण यमक त्याच्यावर होते. 'मीट'ची जागा 'फूड'ने घेतली.

ही ओळ सापडल्यावर सुटी कार्डे करण्यातला रस गेला. 'मीट'चा अर्थ आकसला, ठीक. पण मग अन्न म्हणायचे कशाला? 'फूड'ला. आणि मांसाला आधी काय म्हणत? 'फ्लेश'. 'मीट' मांसावर येऊन बसल्यावर 'फ्लेश' ताटातून उठला आणि जिवंत अंगाकडे सरकला. एक हलला की तिघे हलतात. 'डिअर'चीही तीच तऱ्हा. फ्रेंचांकडून 'बीस्ट' आला आणि सगळ्या जनावरांचे नाव त्याने घेतले. मग लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल' आला आणि 'बीस्ट'ला हिंस्र, ओबडधोबड कोपऱ्यात ढकलले. 'अ‍ॅनिमल' १६००च्या आधी इंग्रजीत विरळाच. १६११च्या त्या बायबलात तो एकदाही नाही.

ठरले ते असे: एका कार्डावर एक शब्द नाही, शब्दाची आळी. मधे मुख्य शब्द, भोवती त्याला ढकलणारे आणि त्याने ढकललेले.

२० जून

मराठीच्या बाईंनी कालची वही वाचून समासात एकच शब्द लिहिला: मृग. संस्कृतात मृग म्हणजे रानातले कोणतेही जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार मृगया. मग हळूहळू मृग म्हणजे हरीण. इंग्रजीशी काही देणेघेणे नसताना तंतोतंत तोच प्रवास. दोन्हीकडे कारणही एकच असावे, असे मला वाटते: शिकार. राजाने ज्याच्या मागे घोडा घालायचा ते जनावर बहुधा हरीण, तेव्हा 'जनावर' म्हटले तरी शिकाऱ्याला हरीणच दिसे. 'व्हेनिसन'ही तेच सांगतो. लॅटिन मूळ शिकारीचे. आधी कोणत्याही शिकारीचे मांस, मग फक्त हरणाचे.

कार्डावर मृगाला जागा दिली. मृग नक्षत्र चालू आहे, त्यामुळे मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

२६ जून

'स्टार्व्ह'. जुना अर्थ नुसते मरणे. जर्मन 'श्टेर्बेन' अजून त्याच अर्थाने जिवंत आहे. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चौसर याच्या लेखनात प्रेमिक 'स्टर्व्ह' होतात ते प्रेमापायी, उपाशीपोटी नव्हे. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा, बोलणाऱ्यांकडून 'डाय' आला आणि मरणाचा सर्वसाधारण व्यवहार त्याच्याकडे गेला. 'स्टार्व्ह'कडे मरणाचा एक प्रकार उरला: भुकेने मरणे. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बोलींत मात्र थंडीने गारठण्यालाही 'स्टार्व्ह' म्हणतात. ढकलाढकलीत एखादा शब्द दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतो, त्याचा हा नमुना.

आता तर जेवायला दहा मिनिटे उशीर झाला तरी लोक 'स्टार्व्हिंग' असतात. आपणही 'भुकेने जीव चालला' म्हणतोच. फरक असा की मराठीत जीव जाणे अतिशयोक्ती म्हणून आले, इंग्रजीत मरण हाच मूळ अर्थ होता आणि तो झिजत झिजत भूक उरली.

३ जुलै

'लेट' आणि 'प्रिव्हेंट'. मुलांना सगळ्यात जास्त फसवणारी जोडी.

इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात 'प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड' अशी प्रार्थना आहे. आजच्या कानाला वाटते, देवा आम्हाला अडव. अर्थ आहे, देवा आमच्या पुढे चाल. लॅटिन मूळही तेच: आधी येणे. आधी जाऊन वाटेत उभा राहणारा वाट अडवूही शकतो, तिथून आजचा अर्थ निघाला.

'लेट'ची गोष्ट वेगळी. हे एक नव्हे, दोन शब्द होते. एकाचा अर्थ होऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. उच्चार घासून घासून दोन्ही सारखे झाले. परवानगी आणि अडवणूक यांना एकच नाव असेल तर कोणती भाषा चालेल? अडवणारा हरला. पण 'हॅम्लेट'मध्ये तो अजून धडधाकट आहे: बापाच्या भुतामागे निघालेला राजपुत्र सोबत्यांना बजावतो, मला जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन.

शिल्लक दोन ठिकाणी. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून गेला की पंच 'लेट' म्हणतो, म्हणजे अडथळा झाला, पुन्हा मारा. 'नेट'चा अपभ्रंश असेल असे आमच्या खेळाच्या सरांना वाटत होते. दुसरे ठिकाण आपला भारतीय पासपोर्ट. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे. एका मुलीने वडिलांचा पासपोर्ट आणला आणि तो वाक्यांश वर्गात फिरला. त्या पानावर 'लेट' म्हणजे सूट असेल तर वाक्यच उलटे होते, हे त्यांचे त्यांनीच शोधले.

९ जुलै

माणसांना लावायचे शब्द. यातले बरेच एका बैठकीत उरकले. 'गर्ल' पूर्वी मुलगा किंवा मुलगी, कोणीही लहान मूल. 'व्हिलन' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. 'हसी', म्हणजे आज वाह्यात बाई, ही मुळात 'हाउसवाइफ'च. पुस्तके अशा घसरणीला अर्थापकर्ष म्हणतात आणि जणू पाऊस पडावा तसे ते घडते असे लिहितात. गरिबांची आणि बायकांची नावेच एवढी का घसरतात, हे त्या शब्दात दिसत नाही. कार्डावर 'अपकर्ष' न लिहिता 'कोणाच्या तोंडून घसरला?' असा प्रश्न छापायचा, असे मी सुचवले. बाईंना तो आगाऊ वाटला, पण राहिला.

वेळ घेतला तो 'नेव्ह' आणि 'नाइट' या जोडीने. नाइट म्हणजे चिलखतवाला योद्धा, रात्र नव्हे. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ पोरगा, मग हाताखालचा नोकर पोरगा. जर्मनमध्ये आजही 'क्नाबे' म्हणजे मुलगा आणि 'क्नेष्ट' म्हणजे चाकर. इंग्रजीत एकाच्या नशिबी राजाची चाकरी आली, तो घोड्यावर बसून सरदार झाला. दुसरा स्वयंपाकघरात आणि तबेल्यात राहिला आणि लबाड ठरला. शिल्लक: पत्त्यांतला 'नेव्ह'. त्याला आपण काय म्हणतो? गुलाम. मराठीने अजाणता त्याचा जुना हुद्दा जपला आहे.

१६ जुलै

'सिली' सोपा निघाला. धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, मग खुळा. जर्मन 'झेलिश' अजून धन्यच आहे. आपले साधा, भोळा, भोट हेही याच उतारावर कमीअधिक उभे आहेत.

'नाइस'ने दमवले. लॅटिनमध्ये मूळ अर्थ अजाण. इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख. मग उधळ्या, चोखंदळ, नाजूक, बारकाईचा, आणि अठराव्या शतकात छान. मधल्या पायऱ्या नीट लावता येत नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ हवा होता हे सांगणे कठीण, असे ऑक्सफर्डचा कोशच म्हणतो. म्हणून कार्डावर मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवला आणि बाणही काढले नाहीत. गटातल्या एकाला ते अर्धवट वाटते. माझ्या मते हेच संचातले सर्वांत प्रामाणिक कार्ड.

शिल्लक: 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक भेद. शिवाय जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'मध्ये, म्हणजे १८१७च्या अखेरीस छापलेल्या कादंबरीत, हेन्री टिल्नी नायिकेची थट्टा करतो की हा शब्द हल्ली कशालाही चालतो: दिवस नाइस, फिरणे नाइस, तरुणी नाइस. तक्रार दोनशे वर्षांची आहे.

२२ जुलै

व्हॉट्सॅपवरून एक गोष्ट आली. लंडनचे सेंट पॉल कथीड्रल बांधून झाल्यावर राजाने ते पाहिले आणि वास्तुकार ख्रिस्तोफर रेनला म्हणाला, हे 'ऑफुल', 'आर्टिफिशल' आणि 'अम्युझिंग' आहे. आजच्या कानाला भयानक, बनावट आणि हास्यास्पद. पण रेन खूश झाला, कारण तेव्हा अर्थ होता भव्य, कलापूर्ण आणि विस्मयकारक.

कार्ड केले नाही. सांगणाऱ्यागणिक राजा बदलतो, कधी चार्ल्स, कधी जेम्स, कधी राणी अ‍ॅन, आणि त्या काळातला पुरावा कोणी देत नाही. तिन्ही शब्दांचे जुने अर्थ मात्र कोशात आहेत. 'ऑफुल' दरारा वाटायला लावणारा, 'आर्टिफिशल' कौशल्याने घडवलेला. गोष्ट बाजूला ठेवून शब्द घेतले. गोष्ट आणणाऱ्या मुलाचे तोंड जरा उतरले, म्हणून राजांची यादी करायचे काम त्यालाच दिले.

३० जुलै

इकडून तिकडे गेलेले शब्द. यावर संच वाढवत बसलो तर दिवाळी येईल, म्हणून तीनच घेतले.

'शाम्पू'. हिंदीतल्या चाँपना या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, अर्थ दाबणे, चोळणे. आपल्या पाय चेपण्यातले चेपणे. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत शाम्पू म्हणजे अंग रगडणे, केसांचा संबंध नाही. पाटण्याचे शेख दीन महंमद इंग्लंडमध्ये ब्रायटनला स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी वाफेच्या स्नानाचे आणि मालिशचे घर चालवले. चौथ्या जॉर्ज राजाचे ते 'शाम्पूइंग सर्जन' होते. त्याआधी १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी पद्धतीच्या जेवणाचे कॉफी हाउसही काढले होते. मालिश डोक्यापर्यंत आले, डोक्यावरून केसांवर, केसांवरून साबणावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केस धुणे हा अर्थ पक्का झाला. मग तो शब्द बाटलीत बसून आपल्याकडे परत आला, आणि न्हाव्याकडे चंपी वेगळी, शाम्पू वेगळा, अशी दोन्ही भावंडे एका आरशासमोर उभी आहेत.

'डूलाली'. ब्रिटनमध्ये डोके फिरलेल्या माणसाला म्हणतात. मूळ आपली नाशिकजवळची देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहत. काम नाही, उकाडा, हिवताप. त्यातून 'डूलाली टॅप' हा शिपायांचा वाक्प्रचार. टॅप म्हणजे ताप. पुढे ताप गळला, गावही विसरले गेले.

'जिमखाना'. आपल्याकडे क्लब आणि मैदान. पुण्यात तर डेक्कन जिमखाना हा चक्क भाग आहे. ब्रिटनमध्ये जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टांवरच्या शर्यती.

६ ऑगस्ट

'कॉम्प्युटर' आणि 'ब्रॉडकास्ट'. शेजाऱ्यांचा सिद्धांत इथे चालत नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

१६१३च्या इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, आणि पुढची तीनशे वर्षे तसेच. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून लागले, नंतर मुख्य कॉम्प्युटर झाले. 'शिखर १५', ज्याला पुढे एव्हरेस्ट नाव मिळाले, ते जगातले सर्वांत उंच असल्याचे गणित त्यांचे. मुलांना पहिले वाक्य वाचून हसू आले, पुढचे वाचून थांबले. या शब्दाला कोणी ढकलले नाही. काम यंत्राकडे गेले आणि कामामागोमाग नावही गेले.

'ब्रॉडकास्ट' म्हणजे मुठीने बी चहूकडे फेकणे. नांगराच्या तासात ओळीने पेरण्याचे उलट. रेडिओवाल्यांनी १९२०च्या दशकात तो उचलला. गटातल्या शेतकऱ्याच्या मुलाने लगेच सांगितले, "आम्ही त्याला फोकून पेरणे म्हणतो." इंग्रजी शेतीत जुना अर्थ अजून चालू आहे, तेव्हा शिल्लक शोधायला नको.

अशा शब्दांना वेगळा रंग: पिवळी कार्डे. शब्द जागेवर, वस्तू बदलली.

१३ ऑगस्ट

'लिटरली'वरून शिक्षकांच्या खोलीत वाद. सहकाऱ्याचे म्हणणे, 'मी लिटरली मेलो' हे चूकच आहे आणि संचात चुकीला प्रतिष्ठा देऊ नये. माझे म्हणणे, १७६९च्या एका कादंबरीतही तो असा जोर देण्यासाठी आलेला आहे. अडीचशे वर्षे टिकलेली चूक कोशात शिरणारच, आणि शिरलीही.

बाईंनी विचारले, "'अक्षरशः'चे काय करता?" 'लिटरली'तला 'लिटर' म्हणजे अक्षरच, शः म्हणजे प्रमाणे, घडण सारखी. आणि 'अक्षरशः जीव गेला' म्हणणारा माणूस समोर चहा पीत असतो. सहकारी म्हणाला की मराठीतही ते चूकच आहे. मग घंटा झाली. कार्ड केले, कोपऱ्यात सहकाऱ्याचे मतही छापले आहे.

२० ऑगस्ट

छपाईला द्यायच्या आधीची शेवटची तपासणी. 'बीड' तेवढे राहिले होते, तेही आज झाले. मणी या अर्थाचा 'बीड' म्हणजे मुळात प्रार्थना. प्रार्थना किती झाल्या हे माळेवर मोजत. 'बीड' मोजणे म्हणता म्हणता बघणाऱ्याला बोटांखाली सरकणारा मणीच दिसला आणि नाव त्याला चिकटले. जपमाळ ओढणाऱ्या आजी ज्यांच्या घरात आहेत त्यांना एवढे पुरते. चित्र मुलींनी तुळशीच्या माळेचे काढले आहे. कॅथलिक माळेचे हवे, कारण शब्दाचा अर्थ त्या माळेवर बदलला. ते बदलायला सांगितले.

मोल्सवर्थ पुढच्या सत्रात. त्यातले मराठी शब्द नव्हे, त्यांचे अर्थ देणारे इंग्रजी शब्द तपासायचे आहेत. ते इंग्रजी १८५७चे आहे आणि आपण ते आजच्या अर्थाने वाचतो. 'अ' बाईंकडे, 'क' माझ्याकडे.